बाई आधी टाच बघतात

चेहरा खोटं बोलतो, जीभ तर बोलतेच, पण टाच कधी खोटं बोलत नाही, हे ज्यांनी उभ्या पुण्याला दाखवून दिलं त्या आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत वीस वर्षांचा शेजार, पण दार उघडल्यावर बाईंची नजर पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे गेलीय असं एकदाही झालेलं नाही. आधी पाय, मग साडी, तोंड वेळ उरला तर. हळदीकुंकवाला बायका त्यांच्यासमोर पाय पदराखाली घेऊन बसतात. आमचे चेअरमन मनगटावरचं घड्याळ दाखवून रोजच्या दहा हजार पावलांची टिमकी वाजवत होते. बाईंनी खाली एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "घड्याळ चालतंय. तुम्ही नाही." चेअरमन तेव्हापासून उन्हाळ्यातसुद्धा मोजे घालतात. दुसरी खोड पाककृतींची. भूल चढेपर्यंत पेशंट घाबरू नये म्हणून बाई त्याला आवडता पदार्थ कसा करायचा ते सांगायला लावतात. फोडणीच्या पुढे सहसा कुणी पोचत नाही. त्यामुळे बाईंना शेकडो पदार्थांची फक्त सुरुवात येते, आणि त्यांच्याकडे जेवलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

चेष्टा मी करते खरी, पण या बाईंपुढे माझी मान कायमची खाली आहे. माझे सासरे, अण्णा, कसब्यात राहायचे आणि रोज पर्वती चढायचे. सांगायचेही रोज. मणक्यात नस दबून त्यांचा एक पाय लुळा पडला, दोन महिने अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांनी घरच्यांना बजावलं, "कुणाला सांगू नका." आम्ही नाही सांगितलं. शेजारच्या बाईंनासुद्धा नाही. मग एका सकाळी अण्णांचा हर्निया अडकला. आतडं काळं पडायच्या आत ऑपरेशन व्हायला हवं होतं. मी बाईंना फोन केला, त्या हातातला चहा ठेवून निघाल्या. हॉस्पिटलात त्यांनी अण्णांना चालण्याफिरण्याचं विचारलं. अण्णा कळवळत होते, तरी म्हणाले, रोज पर्वती. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. अण्णांच्या धाकाने नव्हे हो. खरं कळलं तर म्हाताऱ्याला झेपणार नाही म्हणून ऑपरेशनच नाकारतील, या भीतीने. शुद्ध मूर्खपणा, दुसरं काय.

बाईंनी चादर वर केली. अण्णांची टाच तळहातावर घेतली आणि तिच्यावरून सावकाश अंगठा फिरवला. मग मला दाराबाहेर नेलं. "ही टाच पर्वतीची नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तान्ह्या मुलासारखी मऊ आहे. किती दिवस झोपून आहेत?"

मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता खरडपट्टी निघणार. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या आणि आत गेल्या.

ऑपरेशन पार पडल्यावर बाहेर बाकावर बसून त्यांनी मला समजावलं. श्वासाची नळी घालण्यासाठी स्नायू झटपट सैल करणारं एक औषध असतं. ते टोचलं की स्नायूंमधलं पोटॅशियम थोडंसं रक्तात सांडतं. चालत्या माणसाचं त्यात काही बिघडत नाही. पण लुळ्या पडलेल्या, महिनोन्‌महिने न हललेल्या पायाचे स्नायू ते भसाभसा ओततात, आणि हृदय जागच्या जागी बंद पडू शकतं. अण्णांसाठी तेच औषध भरून ठेवलेलं होतं. बाईंनी ते बाजूला ठेवून दुसरं वापरलं. माझ्या एका मान डोलावण्याने अण्णा गेले असते, आणि एका अंगठ्याने ते राहिले. "साबुदाण्याच्या खिचडीत शेंगदाण्याच्या कुटापर्यंत पोचले," बाई उठता उठता म्हणाल्या. "चिवट आहेत." अण्णा त्यानंतर सहा वर्षं जगले आणि निम्मी पर्वती पुन्हा चढले.

आता बाईंनी काम सोडलंय. मुलगी परदेशात. मध्यंतरी मी महिनाभर लेकीच्या बाळंतपणाला गेले होते. परत आल्यावर भेटायला गेले तर दार कामवालीने उघडलं, बाई पलंगावर. कंबर जरा धरली होती, आता रोज सोसायटीला पाच फेऱ्या मारते, म्हणाल्या. मी नमस्काराला वाकले, आणि माझा अंगठा आपसूक त्यांच्या टाचेवर गेला.

"बाई, किती दिवस?"

त्यांनी पाय चादरीखाली ओढून घेतले. मग म्हणाल्या, "तीन आठवडे. कुणाला सांगू नका."

या वेळी मी मान डोलावली नाही. त्यांच्यासमोरच मुलीला फोन लावला, डॉक्टरांना बोलावलं. बाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. डॉक्टरांनी परवानगी दिल्यापासून रोज संध्याकाळी मी त्यांना हात धरून चालवते. पहिल्या दिवशी पलंगापासून खुर्चीपर्यंत, काल दारापर्यंत. उंबऱ्याशी त्या धापा टाकत थांबल्या, सवयीने खाली माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्हीही हल्ली लिफ्टनंच येता वाटतं." वीस वर्षं मी या नजरेला वैतागत आले होते. काल मात्र मला तिथंच रडू फुटलं.