बाबा असताना भादरलेलं डोकं

बाबा वारले तेव्हा माझ्या हेअर ट्रान्सप्लांटला दोन आठवडे झाले होते.

ज्यांना हे करून घ्यायचं आहे, किंवा ज्यांनी नुकतंच केलं आहे, त्यांच्यासाठी लिहितो आहे. जखमेची काळजी कशी घ्यायची ते डॉक्टर नीट समजावतात. घरी गेल्यावर काय होईल ते त्यांना सांगता येत नाही.

मी गडचिरोलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. घर मूल या तालुक्याच्या ठिकाणाजवळच्या गावात, शेती धानाची. पंचविशीपासूनच माझे केस जाऊ लागले होते. नागपूरच्या डॉक्टरांनी त्याला अँड्रोजेनेटिक ॲलोपेशिया म्हटलं, म्हणजे घराण्यातून येणारं टक्कल. तोवर मी टोपीशिवाय बाहेर पडणं सोडलं होतं. पंगतीत टोपी, ग्रंथालयात टोपी. चुलतभावाच्या लग्नातल्या एकाही फोटोत मी नाही.

एफयूई पद्धतीत डोक्याच्या मागच्या भागातून, ज्याला डोनर एरिया म्हणतात, केसाचं एकेक मूळ काढून पुढे बसवतात. त्यासाठी आधी सगळं डोकं मशीनने साफ करतात. हे मला ठाऊक होतं. आमच्या गावात त्याचा काय अर्थ होतो, ते मात्र माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

पहिले काही दिवस कपाळ सुजतं, सूज डोळ्यांपर्यंत उतरते. घाबरू नका, ती ओसरते. उशी उंच घेऊन उताणं झोपायचं, मुळांना हात लावायचा नाही. सूज गेल्यावर मी घरी गेलो. दारात टोपी काढली तशी आईने पदर तोंडाला लावला. आमच्याकडे बाप हयात असताना मुलगा डोकं भादरत नाही. ते बापाच्या मागे करायचं असतं.

बाबांनी मला उजेडात बसवलं. खपल्यांच्या ओळी न्याहाळल्या आणि हसायला लागले.

"मांगचे पऱ्हे उपटले अन् पुढं लावले. रोवणाच होय ना बा हा." पऱ्हे म्हणजे धानाची रोपं, रोवणा म्हणजे त्यांची लावणी.

आई म्हणाली, हसण्यासारखं यात काही नाही.

"आता भादरलं तं भादरलं," बाबा म्हणाले. "एवढ्यानं मी काई मरत नाई."

त्यानंतरच्या आठवड्यात खळ्यावर धानाची चुरणी, म्हणजे मळणी, सुरू असताना ते खाली बसले आणि तिथेच आडवे झाले. मूलच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत ते गेले होते. डॉक्टर म्हणाले, हृदयाची रक्तवाहिनी बऱ्याच काळापासून अरुंद होत आली असावी, एका दिवसात असं होत नाही. मी मान हलवली. पण अंगणात जमलेल्या बायकांमधून कुणीतरी हळूच म्हणालं होतं, "पोरानं आधीच डोस्कं बोडून ठेवलं होतं." माझ्या कानात तेवढंच राहिलं. आईने ते ऐकलं की नाही, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. त्या दिवसांत ती माझ्या डोक्याकडे बघत नसे.

याच सुमारास लावलेले केस गळू लागले. याला शॉक लॉस म्हणतात. वरचा केस गळतो, मूळ आत जिवंत राहतं. हे मी वाचलेलं होतं. तरी अंघोळीनंतर टॉवेलवर ते बारीक केस दिसले, तेव्हा वाटलं, हेही गेलं.

दहाव्याला, एकुलता एक मुलगा म्हणून, माझ्या डोक्याला वस्तरा लागणार होता. नागपूरला फोन केला. डॉक्टर म्हणाले, "कात्री चालेल. वस्तरा नको. कातडी अजून कच्ची आहे, जंतुसंसर्ग झाला तर मुळं जातील." खरं सांगतो, मी वस्तऱ्याला तयार झालो होतो. मुळं गेली तर फिट्टंफाट होईल, असं काहीसं मनात होतं.

आदल्या संध्याकाळी अंगणात विषय निघाला. चुलतभाऊ दिलीप म्हणाला, "बाप गेला अन् याले केसाची पडली." माझे मोठेबाबा, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, समोरच बसले होते. मी म्हटलं, लावा वस्तरा. आणि टोपी काढली.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. खूप दिवसांनी तिने माझ्या डोक्याकडे पाहिलं.

"त्यायनं हे डोस्कं पाह्यलं अन् हासले," ती मोठेबाबांना म्हणाली. "पोटभर हासले. मंग मी याचं वाईट काऊन मानू? याले वस्तरा लागणार नाई."

मोठेबाबांनी वाकून डोक्यावरचे लाल डाग पाहिले. "जखम होय हे तं," ते म्हणाले. "जखमेवर कोण वस्तरा फिरवते?" मग दिलीपला म्हणाले, तू चूप बस.

दुसऱ्या दिवशी नदीवर न्हाव्याने कानामागची चार खुंट कात्रीने घेतले. बाकीच्यांची मुंडणं झाली. ओल्या टकलांच्या रांगेत मी उघड्या डोक्याने बसलो. दिलीप शेजारी येऊन बसला, स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "आता आमच्यात तूच केसवाला." मला हसू आलं. त्याच हसण्यात मी रडलो. बाबा गेल्यापासून तोवर रडलो नव्हतो.

दिलीपचे केस महिन्याभरात परतले. माझे चौथ्या महिन्यात दिसू लागले, आधी पिवळट आणि बारीक. मधल्या काळात आरसा बघून काही ठरवू नका. रोज फोटो काढू नका. आणि जमलं तर तुमच्या माणसांना ते डोकं आधीच दाखवा. मी बाबांना दाखवलं, हे मला फार उपयोगी पडलं.

मूलच्या डॉक्टरांनी बाबांच्या हृदयाबद्दल जे सांगितलं होतं, ते आता मला पटतं. बहुतेक दिवस पटतं.

केस फार दाट नाहीत, पण आहेत. बाबा नाहीत. आता मी आईजवळ गावीच राहतो आणि बसने गडचिरोलीला जातो, उघड्या डोक्याने.