सुलेखाकाकूंनी उघडलेले अकरा व्हॉल्व्ह

सुलेखाकाकू मूळच्या वर्ध्याच्या. नागपूरच्या पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, तेव्हा वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या. आता अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या शहरापासून पाऊण तासावरच्या हेमलॉक रन या गावात त्या सीनियर सेंटरची, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या विरंगुळा केंद्राची, इमारत सांभाळतात. आठ वर्षं झाली. बर्फात गाडी चालवायला घाबरतात, म्हणून हिवाळाभर शेजारी राहणारा मी, अंकुर, त्यांचा ड्रायव्हर. बर्फ सोडला तर त्या आणखी कशाला घाबरल्याचं मला आठवत नाही.

गावच्या कौन्सिलने गेल्या वर्षी एक चांगलं काम काढलं, हे आधी कबूल करतो. शुद्ध करून नदीत सोडलं जाणारं सांडपाणी भर थंडीतही कोमट असतं. त्यातली उष्णता हीट पंपाने काढायची, तिच्यावर पाणी तापवायचं आणि रस्त्याखालच्या एकाच पाइपाने ते शाळा, लायब्ररी, फायर स्टेशन, टाउन हॉल अशा सगळ्या सार्वजनिक इमारतींत फिरवायचं. मग तळघरातले गॅसचे बॉयलर बंद आणि धूरही बंद. काकू खूश होत्या. सेंटरचा बॉयलर पुढचा हिवाळा काढेल याची खात्री नव्हती, आणि तो गेला की सेंटरला टाळं लावायचं हे कौन्सिलने ठरवूनच ठेवलं होतं. रोज चाळीस म्हातारी माणसं तिथे जेवायला येतात.

नोव्हेंबरात नकाशा आला. पाइपाची लाल रेघ सेंटरच्या दोन चौक अलीकडेच थांबली होती. खाली कारण लिहिलं होतं: गॅसच्या बिलांनुसार या इमारतीला उष्णता फारच कमी लागते, तेवढ्यासाठी रस्ता खोदणं परवडणार नाही.

काकूंनी ते पान दोनदा वाचलं आणि चष्मा काढला. “अरे, हे तर माझेच आकडे आहेत.”

खोलीतून बाहेर पडताना दिवा-पंखा बंद केल्याशिवाय पाऊल न टाकणारी ही पिढी. काकूंनी तोच नियम सेंटरला लावला होता. खोल्या तापवणाऱ्या चौदा रेडिएटरपैकी अकरांचे व्हॉल्व्ह बंद, आणि सगळी मंडळी एकाच हॉलमध्ये, कोट-स्वेटर घालून. या काटकसरीबद्दल कौन्सिलने त्यांना एकदा सर्टिफिकेटही दिलं होतं. आता तीच काटकसर सेंटरच्या मुळावर उठली. मला राग आला तो कौन्सिलसाठी हा नकाशा बनवणाऱ्या कन्सल्टंट कंपनीचा. आकडे नेले, पण इथे इतकी थंडी का, हे एकानेही विचारलं नाही.

जानेवारीच्या पहिल्या सोमवारी काकूंनी अकराही व्हॉल्व्ह उघडले.

“काकू, हे थोडं चीटिंगसारखं दिसेल हं,” मी गाडीत म्हणालो. “नकाशावरचं कौन्सिलचं व्होटिंग तीन आठवड्यांवर आलंय.”

“दिसू दे. लायब्ररीत लोक हाफ शर्टात बसतात ते नॉर्मल, आणि माझी माणसं उबेत बसली की चीटिंग?”

सेंटरला डोरोथी नावाच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाई येतात. आयुष्यभर स्कूल बस चालवली त्यांनी. तिसऱ्या दिवशी त्यांनी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. एवढ्या वर्षांत हिवाळ्यात काकूंनी त्यांना कोटाशिवाय पाहिलंच नव्हतं. विचारलं तर म्हणाल्या, “तू आमच्यासाठी इतकं करतेस, तुला कसं सांगायचं?”

परतताना काकू रडल्या. “मला वाटायचं, यांना चालतं रे. मला चालतं ना, म्हणून.”

दुसऱ्या आठवड्यात कौन्सिलच्या ऑफिसमधून ईमेल आला: गॅस फार जळतोय, व्हॉल्व्ह पूर्ववत बंद करा. काकूंनी एका शब्दाचं उत्तर पाठवलं. नो.

मग व्होटिंगसाठी कौन्सिलची सभा. नागरिकांना बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं. काकू उभ्या राहिल्या आणि त्यांनी इंग्रजीत सरळ सांगून टाकलं, “आकडे खरे आहेत, पण ते इमारतीचे नाहीत, माझ्या हट्टाचे आहेत. मी तिला उपाशी ठेवलं आणि तुम्ही म्हणता तिला भूकच नाही. पुन्हा मोजा.”

वेळ संपल्याची घंटा वाजली. काकू बसल्या नाहीत. माझे कान तापले होते, पण त्यांना खाली बसवायची माझी बिलकुल इच्छा नव्हती.

अध्यक्षबाईंनी शेजारच्यांशी कुजबुज केली. “ठीक आहे, व्होटिंग पुढे ढकलू आणि पुन्हा मोजू. मार्चमध्ये. तोपर्यंत मात्र व्हॉल्व्ह बंद करा.”

“नाही करणार.”

“मॅडम, ही सूचना नाही, ऑर्डर आहे.”

“मग दुसरं कुणीतरी पाठवा,” काकू म्हणाल्या. “काम सोपं आहे, पाना मी देते. फक्त आधी डोरोथीला कोट घालायला सांगावं लागेल. आठ वर्षं मी तिला गारठवलं, आता माझ्याने होणार नाही. उद्या साडेअकराला सगळे जेवायला येतात. तुमच्यापैकी कोण येतंय?”

टेबलामागे सात जण होते. एक जण कागद सारखे करू लागला, बाकीचे अध्यक्षबाईंकडे बघत राहिले, आणि त्या समोरच्या माइककडे. कुणीही हात वर केला नाही.

मोजणी दुसऱ्याच दिवसापासून सुरू झाली, सगळे व्हॉल्व्ह उघडे ठेवून.