छापचित्रातली मेंढरं

आमच्या गावच्या छोट्या संग्रहालयात आकाराम शिपाई होता. वडूजकडच्या एका धनगरवाडीतला माणूस. बावीस वर्षांपूर्वी मेंढरं सोडून पगारावर आला. बायको बनुबाईने मात्र ती सोडली नाहीत. दिवाळी झाली की घोड्यावर संसार लादून ती भावाच्या तळाबरोबर कऱ्हाडकडे निघायची, ती पावसाच्या तोंडावर परतायची. इतकी वर्षं हा घरी आणि ती रानात.

संग्रहालयात अडीचशे वर्षांपूर्वीचं एक फ्रेंच छापचित्र आहे. भर दुपार, झाडाखाली रेशमी झग्यातली मेंढपाळीण, शेजारी पावा वाजवणारा तरुण, भोवती ऐसपैस पहुडलेली मेंढरं. मी चित्रकलेचा मास्तर. पोरांना घेऊन गेलो की त्या चित्रातल्या शांततेवर भरभरून बोलायचो. आकाराम मागून फिसकन हसायचा.

"मास्तर, दुपारच्याला मेंढरं अशी पसरत न्हाईत. एकमेकाच्या पोटाखाली मुंडकी घालून हुबी ऱ्हात्यात. आन ह्या बाईच्या पायात कवा काटाच मोडल्याला न्हाई!"

मला राग यायचा, कारण त्याचं खरं असायचं. शेवटी ते चित्र पोरांना समजावून सांगायचं काम मी त्याच्याच हवाली केलं. पोरं पोट धरून हसायची.

यंदा आश्विनात तो निवृत्त झाला. "आता मी येऊ का तळावर?" असं त्याने बनुबाईला विचारलं होतं. ती काहीच बोलली नव्हती, आणि त्यामुळेच गडी खचला होता. शेवटच्या दिवशी त्याने तिला पहिल्यांदा संग्रहालयात आणलं. निदान हसेल तरी, एवढीच आशा.

त्याने मेंढरांच्या सगळ्या चुका दाखवल्या. बनुबाई हसली नाही. पदर सावरत जवळ गेली आणि बराच वेळ बघत राहिली.

"मेंढरं खोटी असत्याल," ती म्हणाली. "पर गडी बायकूजवळ बसलाय न्हवं?"

इतक्या वर्षांत ते ना आकारामला दिसलं होतं, ना मला. मास्तर म्हणवून घ्यायची लाज वाटली मला.

बाहेर पायरीवर चपला घालताना तीच बोलली, "आवं, भाऊबीज झाली की निघायचंय. मेंढरं भाऊ बघंल. तुमी माझ्यासंगं घोड्यामागनं चालायचं."

त्यांच्यात पुरुष मेंढरांमागे जातो. घोड्यामागे बायाच चालतात.

"चालतो की," आकाराम म्हणाला.