हात घरी ठेवून

एका हाताने बाई काय काय करू शकते, ते मला विचारा. मी भाजी चिरते. पाटाला खालून एक लांब खिळा ठोकून घेतलाय, त्यात बटाटा रोवायचा नि आरामात चिरायचा. साडी नेसते, निऱ्या जरा वाकड्या येतात, पण माझ्या निऱ्या बघायला कोण बसलंय? वेणी तेवढी गेली, केस कापून टाकले. पण बांगडी भरता येत नाही. उजवा हात कोपराच्या चार बोटं खाली संपतो. डाव्यात बांगडी सरकवायची तर उजवाच लागतो ना! एकदा दातात धरून बघितलं. काच फुटली, ओठ कापला. आठवडाभर चहा पिताना बांगडी आठवायची.

म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी मी गोल बाजारात जाते. तिथे एक चुडीवाली आहे, माझ्याच वयाची, छत्तीसगढी. लग्न काही माझं जमलं नाही, पण बांगड्यांची हौस मला लहानपणापासून. ती माझा हात आपल्या मांडीवर घेते, अंगठा तळव्यात दुमडते, गाठी दाबत दाबत एकेक बांगडी चढवते. मी हात ताठ केला की रागावते.

"ढीला छोड़ ना दीदी, काबर कड़ा करे हस? मैं खा थोड़ी जाहूँ!"

तिचे हात खरखरीत नि गरम. आता हे लिहायला जरा लाज वाटते, पण लिहिते. डॉक्टर सोडला, तर वर्षभरात माझा हात हातात धरणारं तेवढंच एक माणूस.

आधी असं नव्हतं बरं का. घराच्या पुढच्या खोलीत माझी चक्की होती. गहू, ज्वारी, मिरची, हळद. आमचे बाबा नागपूरकडून रेल्वेत नोकरीला इथे छत्तीसगढात आले, ते गेल्यावर मी चक्की टाकली. दिवसभर पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, बाया डबे घेऊन दारात. कोणाची सून रुसली, कोणाच्या घरी पाहुणे बघायला आले, सगळं गव्हाबरोबर दळून निघायचं. चक्कीच्या आवाजात बोलायचं म्हणून माझा आवाजही मोठा. अजून तसाच आहे, फक्त ऐकायला आता टीव्ही.

चक्कीवालीची सगळी विद्या उजव्या हाताच्या दोन बोटांत असते. पीठ पडतं तिथे चिमूट धरायची नि अंगठ्याने घासायची. भाकरीचं झालं का, रवाळ राहिलं का, दगड तापलाय का, बोट सांगतं. मी बाईशी बोलत बोलत चिमूट घ्यायची, बघायचीसुद्धा नाही.

एका जानेवारीत चक्कीचा पट्टा उतरला. मोटर बंद करून पट्टा चढवायचा, हे मी दुसऱ्या चक्कीवाल्यांना शिकवत होते! पण पाच डबे रांगेत होते, नि चालू चाकावर पट्टा चढवायचं लाकडी दांडकं काही सापडेना. म्हटलं, हातानेच ढकलते. अंगात जुना स्वेटर, बाही ढिली. पुढचं लिहीत नाही. चक्कीची किंवा कोणाची चूक नव्हती, माझी घाई होती.

मग चक्की विकली. पुढच्या खोलीत आता मोबाइलची कव्हरं विकणारा बसतो. त्याची गिऱ्हाइकं डोकं वर करत नाहीत. पाऱ्यातल्या बाया आधी रोज यायच्या, मग आठवड्याने, मग रस्त्यात भेटल्या की "कैसी हो दीदी" म्हणून पुढे. त्यांच्या हातात पॅकेटचं पीठ. मला कामच राहिलं नव्हतं ना, मग मला भेटायचंही काम राहिलं नाही.

दोन वर्षांनी कळलं की दक्षिणेतले एक डॉक्टर अधूनमधून समता कॉलनीतल्या एका दवाखान्यात येतात आणि ते मेलेल्या माणसाचा हात जिवंत माणसाला लावतात. मी नंबर लावला.

डॉक्टर तरुण होते, समजुतीचे. पहिला प्रश्न विचारला, "माताजी, साथ में कौन आया है?"

"मी आणि माझी पिशवी," मी म्हटलं. कोणी मराठी समजेना, मग हिंदीत सांगितलं. हसले.

त्यांनी सगळं नीट सांगितलं. ज्याचा मेंदू मेला त्याच्या घरचे हो म्हणाले, तर हात मिळतो. रक्ताचा गट, हाताचं माप, कातडीचा रंग जुळवायचा. मग हाडाला हाड, नसेला नस. शरीराने तो हात परका म्हणून टाकू नये यासाठी जन्मभर गोळ्या, आणि त्या गोळ्यांनी अंगातली ताकद कमी, साधा तापही महागात पडायचा. एकच हात गेलेल्याला आम्ही दहादा विचार करायला सांगतो, म्हणाले.

मी एकच विचारलं, "उँगली को पता चलेगा? आटा मोटा है कि बारीक?"

ते म्हणाले, जाणीव जोडापासून खाली उतरते, हळूहळू, महिने लागतात, वर्षंही. थोडी तरी येते बहुतेक. पूर्ण येईल असं वचन नाही देत.

थोडी तरी! मला तेवढंच ऐकू आलं.

खरं सांगते, त्या दिवसापासून मी त्या न आलेल्या हाताचा संसार मांडला. वाटायचं, इथल्याच अभनपूरकडच्या कोण्या बाईचा असेल, धानाचा रोपा लावलेला. तिच्या बोटांना मी पीठ ओळखायला शिकवीन. तिची आई असेल, बहीण असेल. त्या कधी दार वाजवतील, म्हणतील, जरा बघू द्या. मी चहा ठेवीन. त्या माझ्याकडे नाही, हाताकडेच बघतील, तो धरून बसतील, रडतील. बसू देत. हात तर माझ्याच अंगाला असेल ना! बोटांसाठी हात पाहिजे असं मी डॉक्टरांना सांगितलं, ते खोटं नव्हतं. पण अर्धं होतं. मला सोबत पाहिजे होती.

आणि सोबतीवरच घोडं अडलं. डॉक्टरांनी कागद दिला, त्यात रकाना होता: सोबत राहणारी व्यक्ती. वर्षभर तिकडे दक्षिणेत त्यांच्या दवाखान्याजवळ राहायचं, रोज व्यायाम, गोळ्यांच्या वेळा, नवा हात तर पहिले कित्येक महिने तान्ह्या पोरासारखा सांभाळायचा. "अकेले नहीं हो पाएगा, माताजी. ये नाम के बिना हम आगे नहीं जाते."

भावाची पोट्टी माझ्याच घरी राहून कॉलेज शिकली. आता पुण्याला नोकरी, नवरा, तीन वर्षांचं लेकरू. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत. तिला फोन केला.

"अरे वा आत्या! करवा लो ना. मैं आ जाऊँगी. कितने दिन का है?"

"वर्षभर तरी म्हणून राहिले डॉक्टर."

मागे टीव्हीवर लेकराचं कार्टून चालू होतं. त्यातलं एक अख्खं गाणं मी ऐकलं.

"साल भर..." ती म्हणाली. "आत्या, फुल टाइम नर्स रख लेंगे. मैं रोज वीडियो कॉल पे रहूँगी. पक्का."

"अवं, मी कुठं ठरवलं अजून? तुले विचारलं फक्त. पोट्टं जेवलं का?"

तिचं काय चुकलं? काहीच नाही. तिच्या जागी मी असते, तर मीही आधी दिवसच विचारले असते. नर्सचं नाव मी त्या रकान्यात लिहू शकले असते, पण पेन घेऊन बसले तर लिहवेना. दुसरं कोणाचं लिहू, म्हणून पाऱ्यातली घरं मनात एकेक मोजली. चुडीवालीचा पण विचार आला, हसू नका.

डॉक्टरांना सांगितलं, मला गोळ्यांची भीती वाटते. ते म्हणाले, "समझदारी की बात है." आजपर्यंत सगळ्यांना मी तेच सांगत आले, पोट्टीलाही.

मग त्याच दवाखान्यात कृत्रिम हात बनवणाऱ्या भैयाकडे गेले. तो बोलका. थोट्या हाताचा प्लास्टर लावून साचा घेतला. म्हणाला, "दीदी, मेरे वाले में कोई गोली नहीं, कोई झंझट नहीं. सोते टाइम उतार के रख दो. उनका वाला उतरता है क्या?" खांद्यावरून पट्टा जातो, खांदा ओढला की बोटं उघडतात, सोडला की मिटतात. वर कातडीच्या रंगाचा मोजा. पिठाचं त्याला काही कळत नाही. तवा तापलाय का तेही कळत नाही, एकदा मोजा वितळल्यावर मला वासावरून समजलं. पण पिशवी धरतो, कुलूप धरतो, पेनही धरतो. हे डाव्या हाताने लिहिते आहे, कागद त्याने दाबून ठेवलाय. काम चोख.

एक दिवस सहज बांगडी त्याच्या बोटांत पकडवली नि डावा हात आत ढकलला. फुटली. दुसरी फुटली. पाचवी चढली! मी जोरात ओरडले, "चढली!" मग भैयाला फोन लावला. त्यालाही आनंद झाला.

"बढ़िया दीदी! अब किसी की ज़रूरत नहीं."

त्या महिन्यात मी ऐटीत हात लावून गोल बाजारात गेले. चुडीवालीने डोळे मोठे केले, चार बायांना बोलावून दाखवलं. मी बोटं उघडून मिटून दाखवली, सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मग तिने डझनभर हिरव्या बांगड्या कागदात बांधल्या, माझ्यासमोर ठेवल्या.

"ले दीदी, अब तो तैं खुदे पहिर लेबे," म्हणाली, आणि दुसऱ्या बाईचा हात मांडीवर घेतला.

मी पुडी घेऊन घरी आले. त्या बांगड्या अजून तशाच कागदात आहेत.

त्यानंतर बांगड्यांना जायचं असलं की मी पट्टा सोडते, हात काढते, कपाटात धुतलेल्या साड्यांवर ठेवते नि रिकामी बाही खोचून निघते. पहिल्यांदा तिने विचारलं, हात कुठे गेला? म्हटलं, दुरुस्तीला दिलाय. दुसऱ्यांदाही तेच सांगितलं. परवा तिसऱ्यांदा गेले. ती माझ्या बाहीकडे बघत राहिली.

"तोर हाथ अब ले नइ बने हे, दीदी?"

"नाही ना. लई वेळ लावून राहिला तो भैया."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. डावा हात ओढून मांडीवर घेतला, अंगठा दुमडला, आणि म्हणाली, ढीला छोड़.

मी सोडला.