मावशींनी खाल्लेली पहिली रासबेरी

जॅमच्या कारखान्यात सगळे त्यांना मावशीच म्हणत. सव्वीस वर्षं त्या रासबेरीच्या कढईवर उभ्या होत्या. फळ किती, साखर किती, जॅम उतरवायचा कधी, हे त्यांना नुसत्या नजरेने कळायचं.

पन्नाशी उलटली आणि त्यांना मधुमेह निघाला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "जॅम बंद. नुसती रासबेरी मात्र वाटीभर खा. तिच्यात साखर कमी आणि चोथा भरपूर असतो."

घरी येऊन मावशींनी हे सुनेला सांगितलं, तेव्हा तिने विचारलं, "आई, तुम्ही ती नुसती कधी खाल्लीय का हो?"

कारखान्यात फळ बर्फाने दगड झालेलं यायचं आणि तसंच कढईत पडायचं. खाल्ल्याचं काही त्यांना आठवेना.

रविवारी सुनेने बाजारातून एक डबी आणली. मावशींनी एक फळ तोंडात टाकलं आणि त्यांचे डोळे गच्च मिटले.

"अगं बाई, ही तर आंबट आहे!"

"आंबटच असते. गोड तर तुम्ही करत होतात," सून म्हणाली आणि हसत सुटली. मावशीही हसल्या, पण जराशा ओशाळून.

आता त्या रोज सकाळी दह्यात मूठभर रासबेरी कालवून खातात. बिया दातात अडकतात म्हणून कुरकुर करतात. सहा महिन्यांत रक्तातली साखर थोडी उतरली. गोळी सुटलेली नाही. आंबटपणाचं म्हणाल, तर तो आठवड्याभरातच आवडायला लागला, असं त्या सांगतात.