दुपारची बेल

आमच्या घरात गॅस या शब्दावाचून दिवस सरत नाही बघा. सकाळी चहाला गॅस पेटवायचा, दूध वर आलं की बारीक करायचा, बाहेर पडताना यांनी "गॅस बंद केलास का गं?" विचारायचं आणि मी अर्ध्या जिन्यातून परत येऊन बघायचं. आणि जेवणानंतर यांच्या पोटात होतो, तोही गॅसच. त्याला मात्र आम्ही कधी भ्यालो नाही. सिलिंडरला भ्यायचं, पोटातल्याला काय भ्यायचं? ओवा चावायचा, हिंगाचं पाणी प्यायचं, ढेकर आला की संपलं.

त्या दिवशी चतुर्थी होती. दुपारी साबुदाण्याची खिचडी खाऊन हे खुर्चीत बसले आणि छातीवर मूठ ठेवून म्हणाले, "गॅस धरलाय. दाण्याचं कूट जरा बेतानं घालत जा, आपली काही शेंगांची शेती नाही."

टोमणा मारतायत म्हणजे माणूस धड आहे, असं मी आपलं धरून चालते. ओवा दिला, हिंगपाणी दिलं. ढेकर काही येईना. पाठ चोळायला गेले तर सदरा ओलाचिंब. वर पंखा गरगर फिरतोय आणि हे घामाने भिजलेले!

"अहो, खालच्या डॉक्टरीणबाईंना बोलावते."

"किती वाजले?"

"दोन."

"मग? चारनंतर बघू."

आता हे बाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत दुपारी चारपर्यंत कोणी कोणाची बेल वाजवत नाही. कुरिअरवालासुद्धा पार्सल वॉचमनकडे ठेवून जातो. डॉक्टरीणबाई राहतात आमच्या बरोबर खाली, सकाळचा दवाखाना आटपून त्याच वेळेला जरा पडतात. आणि आपण जन्मात कोणाची झोप मोडली नाही, याचा यांना कोण अभिमान!

मी समोर बसून राहिले. घड्याळाकडे बघायची, यांच्याकडे बघायची. तेवढ्यात यांना ढेकर आला.

"बघ," म्हणाले, "उगीच झोपमोड केली असतीस बिचारीची."

मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! उठून ताटल्या उचलायला गेले. वळून बघते तर यांचा चेहरा राखेसारखा, आणि डावा दंड दाबत बसलेत.

"अहो, बरं वाटतंय ना?"

उत्तर नाही. टोमणाही नाही.

अनवाणीच खाली धावले. आणि खोटं कशाला सांगू, बेलपाशी गेलेलं बोट तिथंही क्षणभर थांबलं. मग जे दाबलं ते दार उघडेपर्यंत काढलंच नाही.

"काकू, काय झालं?"

"यांना गॅस..." मी म्हणाले.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि माझ्या आधी जिना चढल्या. जिभेखाली गोळी ठेवली, स्वतःची गाडी काढली. लिफ्टमध्ये यांनी डोळे मिटले तेव्हा मला वाटलं, संपलं सगळं. तर ओठ हलले. कान नेला.

"गॅस बंद केलास का?"

मला हुंदकाच आला. बंद केला होता की नाही, देवाला ठाऊक.

हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसवली. हे घरी आले. ओव्याची बरणी मी वरच्या फळीवर टाकली.

गेल्या आठवड्यात जेवण झाल्यावर यांनी पुन्हा छातीवर हात ठेवला. "काही नाही, जरा ग..." म्हणाले आणि शब्द तसाच गिळला. दोघांनी घड्याळाकडे पाहिलं. अडीच. हे काही न बोलता उठले, चपला घातल्या, माझ्या हाताला धरून खाली गेले आणि स्वतः बेल दाबली.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, ईसीजीची पट्टी काढून बघितली. "काका, या वेळी खरंच गॅस आहे हो."

"तरी झोप मोडलीच तुमची," हे म्हणाले.

"मोडत जा," त्या म्हणाल्या.

दोघं हसले. मी मात्र दाराबाहेर जिन्याच्या कठड्याला धरून उभी होते.