एकच निवड उरली होती

“माझा पोरगा घेऊ नका,” काकू म्हणाल्या, आणि मैदानाच्या भिंतीवर बसलेले सगळे हसले.

विचुंबे गावच्या फुटबॉल लीगमध्ये प्रत्येक टीम आळीपाळीने खेळाडू निवडायची. निवडीच्या प्रत्येक फेरीआधीच्या संध्याकाळी आमच्या टीमचे चाहते या भिंतीवर वाद घालून नाव ठरवत. काकूंचा आवाज सगळ्यांत मोठा. भिंतीवर शेंगदाणे मांडून त्या बचाव समजावायच्या, आणि समोरच्याचं पटलं नाही की त्याचे खेळाडू खाऊन टाकायच्या. मी जरा लांब उभी राहून ऐकायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

“काकू, पोरगा वर्षभर घाम गाळतोय. एकच निवड उरलीये,” एक दादा म्हणाला.

“म्हनूनच सांगते. त्याच्यासारखे गोल मारनारे तिघं हायत आधीच. गोलात कोन उभा राहील, तू? पोरगा आज माझ्या हातचं जेवनार नाय, ठाऊक हाय मला.”

हसू थांबलं. स्वतःच्या माणसाबद्दल इतकं सरळ, चारचौघांत बोलणारं मी कुणी पाहिलं नव्हतं. आमच्या घरी हे इंग्रजीत आणि दार लावून बोललं गेलं असतं.

आईसमोर मुलाला नको म्हणायला कुणी धजेना. काकूंना एका माणसाची साथ हवी होती. एकेकाकडे पाहत त्यांची नजर माझ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

“काकू बरोबर बोलतायत,” मी म्हणाले. “गोलकीपर घ्या.”